सावली, एक नग

उद्यान बंद पडून सहा वर्षं झाली होती.
मी आत गेले ती ऑगस्टात, पहाटे साडेपाचला,
हातात अ‍ॅल्युमिनियमच्या बिल्ल्यांची पिशवी,
मागे हमजाचाचा परकार, खांद्यावर शिडी.
मनामाची हवा तेव्हाही ओल्या टॉवेलसारखी.

कारंज्यात मीठ होतं,
पायरी पायरी चढत वर आलेलं,
त्यात कुणाच्या तरी सायकलचं चाक.
शेंडे गळालेल्या खजुरी
तारा काढून नेलेल्या खांबांसारख्या उभ्या.

पालिकेकडे जमीन होती, पैसा नव्हता.
कंपनीकडे पैसा होता, जमीन नव्हती.
सोयरीक जमायला एवढं पुरतं.
पंचवीस वर्षांचा करार, एकशे बारा पानं, वर परिशिष्टं.
आमच्या चिपळूणला लग्नात भांड्यांवर नावं घालतात,
तशी मी झाडांवर आकडे घालत होते :
खजूर, एक ते दोन हजार सहाशे चाळीस.
कडुनिंब. शिरीष.
वाळलेल्यालाही बिल्ला लागतोच,
पुढे शेरा : मृत, बदलणे.

मी ह्या सगळ्याच्या विरोधात नाही, हे सांगून ठेवते.
माझा पगार त्यातूनच येतो.
कॉफीच्या सहा टपऱ्यांचं भाडं, बाकांवर बँकांची नावं,
आणि त्या भाड्यातून जांभळ्या नळ्या,
ज्यांतून शहराच्या आंघोळीचं, भांड्यांचं पाणी
धुऊन पुसून परत येणार मुळांशी.
हिशेब चोख आहे. मीच तपासलाय.
फक्त बाकांच्या नकाशात मध्ये एक लोखंडी हात होता.
कशाला, विचारलं.
आडवं कुणी होऊ नये म्हणून, वासिम म्हणाला,
आणि पान उलटलं.

दक्षिणेच्या कुंपणाला भगदाड होतं.
तिथून आत एकच झाड हिरवं.
इथले लोक त्याला कनार म्हणतात,
हमजाचाचा बोर म्हणतात.
जुन्या यादीत ते नव्हतं; आपलं आपण उगवलेलं.
खोडात खिळा, खिळ्याला आरसा, खाली केसांचा सडा.
दर शुक्रवारी रफीकुल इथे केस कापतो,
समोरच्या इमारतींतले गडी पत्ते घेऊन येतात,
आणि जाताना
ज्याच्या बाटलीत जेवढं उरलं असेल
तेवढं बुंध्याशी.
सहा वर्षं.
चार हजार झाडांच्या उद्यानात
पाणी चुकलं नाही ते ह्या एकाचं.

नकाशावर इथे टपरी क्रमांक तीन.
यादीत नाही ते तोडायला परवानगी लागत नाही.
'ह्याचा आकडा रवला, बाय,' हमजाचाचा म्हणाले.
बिल्ले संपले होते.

त्या रात्री परिशिष्ट तीनमध्ये मी एक ओळ वाढवली,
कचरापेट्यांच्या नंतर, सायकल स्टँडच्या आधी :
सावली, एक नग. व्यास अकरा मीटर.
स्थिती : चालू.
देखभाल : कंपनीकडे, पंचवीस वर्षं, विनामूल्य.
पालिकेच्या बुदूर बाईंनी ओळ वाचली,
चष्मा काढला, पुन्हा घातला,
आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या.
वासिमला ती डिसेंबरात सापडली.
आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.
मग टपरी आठ मीटर सरकली.

जानेवारीत उद्यान उघडलं. गवत खरंच हिरवं.
एक पोरगी कारंज्यात बूट घालून उतरली,
तिची आई ओरडली, आणि मला बरं वाटलं.
तिकीट तीनशे फिल्स, शुक्रवारी पाचशे.
भगदाड बुजवलं.
रफीकुल आता कुठे बसतो, मला माहीत नाही.
खिळा आहे. आरसा नेलाय त्यानं.

फळांबद्दल करारात काहीच नाही,
मी पुन्हा वाचून पाहिलं.
कनारची एक फांदी कुंपणावरून बाहेर गेलीय,
बोरं फुटपाथवर पडतात,
आणि कामावरून परतणारे वाकून वेचतात.
हमजाचाचा ती फांदी छाटत नाहीत.
विचारलं तर कात्रीला धार नाही म्हणतात.

मीही दोन खाल्ली.
बिया खिशात राहिल्या,
रविवारी वॉशिंग मशीनमध्ये खडखडल्या.